वाक्य पुन्हा पहिल्यापासून

१

नव्या आवाजात आत्या पहिलं वाक्य बोलली ते मिठाबद्दल होतं.

"मीठ कमी आहे."

सकाळचे सव्वाआठ झाले होते. जेवणाच्या टेबलाशी आम्ही तिघंच होतो, आत्या, बाबा आणि मी. आत्याच्या पुढ्यात टॅबलेट, त्याला जोडलेला मुठीएवढा स्पीकर, आणि बशीत उकडलेलं अंडं. तिने दोन बोटांनी अक्षरं दाबली, मग खालचं हिरवं बटण दाबलं, आणि चौदा महिन्यांनी तिचा आवाज घरात ऐकू आला. तिचाच आवाज. 'क' जरा घशातून, आणि वाक्याचा शेवट किंचित खाली उतरणारा, निकाल दिल्यासारखा.

बाबा चमचा धरून तसेच बसले. मग म्हणाले, "चौदा महिन्यांनी तोंड उघडलंस ताई, आणि तेही खोड काढायला!"

आत्याने टाइप केलं. "मग अंडी नीट करायला शीक."

बाबा उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिले.

सात वर्षं दूरदेशी राहून मी जे शिकले ते याच सकाळसाठी, असं मला त्या क्षणी वाटलं. माझ्याबरोबरचे बाकीचे मोठमोठ्या कंपन्यांत गेले, गाड्यांना आणि फ्रीजना बोलायला शिकवायला. मी दोन बॅगा भरून घरी आले. माणसाचं जे गेलं ते यंत्र त्याला परत देऊ शकतं, यावर माझा ठाम विश्वास होता आणि तो मी भेटेल त्याला ऐकवत असे. विमानतळावरून घरी आणणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही मी तो ऐकवला होता.

आत्याच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून ती गळ्याच्या भोकातून श्वास घेई आणि त्यावर मऊ सुती रुमाल बांधी. दवाखान्याने एक उपकरण दिलं होतं. ते गळ्याला लावून ओठ हलवले की आवाज निघायचा, काचेत माशी अडकल्यासारखा. बाबा म्हणाले, "दाढीचं मशीन दिसतंय." आत्याने ते एकदाच वापरलं आणि खणात टाकलं. काही दिवस चिठ्ठ्या लिहिल्या, मग त्याही थांबल्या. मी आले तेव्हा ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असे आणि बाबा रोज संध्याकाळी तिच्या पाठीशी गप्पा मारत.

ती पाठ मी वळवली होती. मला दुसरं काही नको होतं.

२

आत्या वाचक होती. अंधांसाठीच्या ग्रंथालयात तिने बावीस वर्षं पुस्तकं वाचून टेपवर चढवली. कादंबऱ्या, कायद्याची पुस्तकं, परिचारिकांचे अभ्यासग्रंथ, एकदा तर मधमाश्यांच्या रोगांवरचं साडेसहाशे पानांचं पुस्तक. ते झाल्यावर महिनाभर तिने घरात मध आणू दिला नव्हता.

वाचायची खोली लहान होती. चारही भिंतींना गाद्या ठोकलेल्या, मध्ये एक टेबल. अलीकडे माइक आणि आत्या, पलीकडे तपासनीस. तपासनीसापुढे त्याच पुस्तकाची दुसरी प्रत उघडी असे आणि हातात पेन्सिल. वाचणारी चुकली की तो टेबलावर एकदाच ठोका द्यायचा. टक्. आत्याने थांबायचं, वाक्याच्या सुरुवातीला जायचं आणि बरोबर वाचायचं. काय चुकलं विचारायचं नाही, वाद घालायचा नाही, चुकले असंही म्हणायचं नाही, कारण बोलाल ते टेपवर जातं. नंतर तिसरं कुणीतरी बसून चूक आणि ठोका कापून टाकत असे. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नसे की त्या खोलीत आणखी एक माणूस होता.

बावीस वर्षं तपासनीस एकच होते. घरीही आत्या त्यांना तपासनीसच म्हणायची. "आज तपासनीस शिंकले, अख्खं पान पुन्हा वाचावं लागलं." मी त्यांना कधी पाहिलं नाही. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी ते झोपेतच गेले. सोमवारी आत्यासमोर दुसरा माणूस बसवला. तिने अर्धं पान वाचलं आणि उठली. "हे तपासत नाहीत, नुसतं ऐकतात," असं म्हणून तिने काम सोडलं. गाठ त्यानंतरची.

तिचा आवाज बनवायला मला तिच्या बोलण्याचे शेकडो तास हवे होते. ग्रंथालयात कापून स्वच्छ केलेली पुस्तकं होती आणि तळघरात कच्च्या टेपा होत्या. मी कच्च्या घेतल्या. स्वच्छ पुस्तकांतली आत्या बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी वाटते. कच्च्या टेपांवर ती खाकरते, पान उलटताना श्वास सोडते, लांबलचक वाक्य संपलं की नाकातल्या नाकात हसते. मला ती सगळीच्या सगळी हवी होती, तिच्या चुकांसकट.

ठोके मात्र मी काढले. एकतीस हजार चारशे निघाले. आणि आत्या दोन बोटांनी फार सावकाश टाइप करते म्हणून तिच्या वाक्याचा शेवट आधीच ओळखणारा एक भाग मी यंत्राला जोडला. सात वर्षं तिने मला पाठवलेली पत्रं त्याला वाचायला दिली.

हे सगळं मी आधीच सांगून ठेवते आहे, कारण पुढे बरेच दिवस मी याच दोन गोष्टींवर बोट ठेवत राहिले.

३

पहिले पाच आठवडे सुखाचे गेले. आत्या बोलत सुटली. शिंपिणीला फोन करून तोकड्या बाह्यांबद्दल झापलं. बाबांना सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायची, प्रत्येक बातमीवर शेरा मारून. टॅबलेट गळ्यात पट्ट्याने अडकवून ती एकटी बाजारात गेली आणि लाल चेहऱ्याने, खुशीत परत आली.

"भाजीवाली विचारत होती, पेटी बोलते का तुम्ही बोलता," तिने सांगितलं. "मी म्हटलं, आम्ही दोघी."

"पेटीला तरी मधे बोलू देतेस का?" बाबा म्हणाले.

रात्री मी माझ्या जुन्या प्राध्यापकांना लांबलचक पत्रं लिहीत असे. त्यांत 'मुक्ती' हा शब्द एकदा नव्हे, तीनदा आला होता.

मग दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंचा महिन्याचा फोन आला. आत्या टेबलाशी बसली होती, मी शेजारी. टॅबलेटवरची अक्षरं मला दिसत होती.

"झोप कशी आहे?" बाईंनी विचारलं.

आत्याने लिहिलं, 'झोप छान लागते.' हिरवं बटण दाबलं.

"झोप छान..."

टक्.

क्षणभर काहीच नाही. मग त्याच आवाजात, त्याच ठेहरावाने, वाक्य पहिल्यापासून आलं. "झोप लागत नाही. पहाटे चारपासून मी पंख्याकडे बघत पडलेली असते."

"बरं झालं, मोकळेपणाने सांगितलंत," बाई म्हणाल्या.

टॅबलेटवर अजून 'झोप छान लागते' असंच लिहिलेलं होतं.

"काहीतरी बिघडलंय," मी आत्याच्या कानाशी म्हटलं. "आजच बघते."

आत्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. ती पोक काढून बसली होती, ती सरळ झाली. पाठ ताठ, हनुवटी जरा वर, दोन्ही तळवे टेबलावर पालथे. तिला असं बसलेलं मी एकाच फोटोत पाहिलं होतं. तो ग्रंथालयात लावलेला होता, आणि त्यात तिच्यासमोर माइक होता.

४

सगळ्याचा उलगडा होत होता. मी पुन्हा शोधलं तेव्हा टेपांमध्ये दोनशे बारा हलके ठोके राहून गेलेले सापडले. ठोक्यानंतर वाक्य पहिल्यापासून सुरू होतं हे यंत्र शिकलं, कारण एकतीस हजार वेळा तसंच घडलं होतं. आणि बदललेलं वाक्य? ते अंदाज बांधणाऱ्या भागाचं काम. झोप लागत नाही, हे आत्याने मला कुठल्याशा पत्रात लिहिलंच असणार.

मी ते दोनशे बाराही काढले आणि यंत्राला परीक्षेला बसवलं. शनिवार असताना 'आज बुधवार आहे' लिहिलं. यंत्र निमूटपणे बोललं. 'मी सहा फूट उंच आहे.' 'मला दोन शेपट्या आहेत.' आत्याच्या गंभीर आवाजात ती दोन शेपट्यांची कबुली ऐकून मी एकटीच हसले. बेचाळीस थापा मारल्या. एकदाही ठोका आला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याने ताट सरकवत लिहिलं, 'मला भूक नाही.'

"मला भूक..." टक्. "मला भूक लागली आहे. गिळताना भीती वाटते."

बाबांनी केळं कुस्करून बशीत घातलं आणि बशी तिच्यापुढे ठेवली. तिने ते सगळं खाल्लं. आधीचे किती दिवस ती अर्धं ताट का टाकत होती ते आम्हाला तेव्हा कळलं. हेही खरं आहे, आणि ते मी लपवणार नाही. त्या ठोक्याने आत्याचं भलं होत होतं. मी बनवलेल्या आवाजाने जे झालं नव्हतं ते होत होतं.

तरी त्या दुपारी मी अंदाज बांधणारा भाग पूर्ण काढून टाकला. आता यंत्राला लिहिलेलं तेवढंच बोलता येणार होतं, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "पाय दुखतोय का?" आत्याने लिहिलं, 'नाही.' टक्. "हो. डावा."

दुसऱ्या सकाळी दात घासताना माझ्या मनात एक साधी गोष्ट आली. तपासनीसाला चूक कळते, कारण त्याच्यासमोर दुसरी प्रत उघडी असते. तोंडात फेस तसाच ठेवून मी कितीतरी वेळ आरशापुढे उभी होते. ही प्रत कुणापुढे होती? आणि तिच्यात काय काय छापलेलं होतं?

५

बाबा पंप दुरुस्त करायचे. निवृत्त झाले तरी हात स्वस्थ बसत नाहीत. पुढच्या रविवारी दुपारी ते इस्त्री उघडून बसले होते. आत्या मटार सोलत होती, टॅबलेट मटारांच्या परातीला टेकवून ठेवलेला.

"ताई," बाबा स्क्रू फिरवता फिरवता म्हणाले, "आता तरी सांग. चौदा महिने माझ्याकडे पाठ करून होतीस. राग होता का माझ्यावर?"

आत्याने मटाराचे हात पदराला पुसले आणि लिहिलं. मी वाचलं. 'तू मला कधी काही कमी पडू दिलं नाहीस.'

"तू मला कधी..." टक्. "तू मला कधी सांगितलं नाहीस. ते आपल्या दारात आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून. तू म्हणालास, ती घरी नाही. मी वर गच्चीवर कपडे वाळत घालत होते."

बाबांच्या हातातला स्क्रू पडला आणि टेबलाखाली गडगडत गेला. तो उचलायला कुणी वाकलं नाही.

आत्याने आधी टॅबलेटकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग भावाकडे. तिला हे माहीत नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसत होतं की मी मान वळवली.

"कोण आलं होतं?" मी विचारलं, माहीत असूनही.

"एकोणीस वर्षं झाली," बाबा म्हणाले. "तू सहा वर्षांची. तुझ्या आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तपासनीस दारात उभे राहिले, म्हणाले, ताईंशी बोलायचं होतं, घरच्यांसमोर बोलायचं होतं. मला कळलं काय ते. कपड्यांवरूनच कळलं. ताई गेली असती तर तुला कोण..." ते थांबले. "मी म्हटलं, घरी नाही, नंतर या. ते परत आले नाहीत. ताई, मी हे कुणाला बोललो नाही. तुझी शपथ. कुणालाच नाही."

"कुठेतरी लिहून ठेवलं असेल. ते तरी कुणाजवळ बोलले असतील," मी म्हटलं.

"लिहिलं असेल," बाबा म्हणाले. "पण पेटीला कुणी दाखवलं?"

आत्या रागावली नाही. टॅबलेट उचलून ती तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज आला आणि मध्येच ठोका.

६

त्यानंतर ती न्याहारी झाली की दार लावून घेई. मी बाहेर उभी राहून ऐकत असे. याची मला लाज वाटते.

"मला ते आता आठवत नाहीत." टक्. मग हलक्या आवाजात काहीतरी.

"शर्ट निळा होता." टक्. "शर्ट पांढरा होता."

"त्यांनी विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं." टक्. त्यानंतर इतक्या हळू आवाजात की मला काहीच ऐकू आलं नाही.

ती मुद्दाम खोटं लिहीत होती. एकामागून एक, पाखरांना दाणे टाकावेत तशी. प्रत्येक ठोक्यानंतर गळ्याच्या भोकातून हवा सुटल्याचा आवाज यायचा. आत्याचं हसणं आता तसंच होतं.

ती दिसायला सुरेख झाली होती. केस नीट विंचरलेले, डोळ्यांत तेज. पण जेवायला चार हाका माराव्या लागत, आणि आमच्यासमोर बसली तरी महत्त्वाच्या कामातून उठवून आणल्यासारखी. टॅबलेट बरोबर आणत नसे. बाबांनी काही विचारलं तर मान हलवायची. दिलेलं निम्मं ताट तसंच राही, आणि आता त्यावर कुणी ठोका देत नव्हतं. समुपदेशक बाई फोनवर म्हणाल्या, फार सुंदर प्रगती आहे.

एके दिवशी मी फोनचं रेकॉर्डिंग चालू करून तो तिच्या टेबलावर विसरल्यासारखा ठेवला. आणि ते घेऊन ग्रंथालयात गेले.

तिथले टेलिफोन ऑपरेटर जन्मापासून अंध आहेत. आत्याची सगळी पुस्तकं त्यांनी ऐकली आहेत, मधमाश्यांसकट. त्यांनी कानाला हेडफोन लावला आणि चार वेळा ऐकलं.

"ही तुझी आत्या," ते म्हणाले. "झकास उतरलीय. ठोका कुणी दिला?"

"जुन्या टेपवरचा राहून गेलाय, काका."

"नाही गं पोरी. त्या खोलीतला आवाज मुका असतो. गाद्या होत्या ना भिंतींना. हा ठोका उघड्या खोलीतला आहे."

"स्पीकरच उघड्या खोलीत ठेवलाय. त्यातून येईल ते तसंच वाटणार."

"स्पीकर डाव्या हाताला आहे. ठोका उजवीकडून येतो, टेबलाच्या पलीकडून. आणि ही पेन्सिल नाही. पेन्सिल बारीक वाजते. हे बोटाचं पेर आहे." त्यांनी हेडफोन काढला. "पलीकडे कोण बसतं?"

"कुणी नाही. टेबल भिंतीला लावलेलं आहे."

"मग भिंतीने दिला असेल," ते अगदी नम्रपणे म्हणाले आणि फोन माझ्या हातात ठेवला. मी उठले तेव्हा पुन्हा बोलले. "तपासायचा फार चांगला. एक चूक सुटायची नाही त्याच्या हातून. पण एकदा वाचायला बसवलं की माणसाला उठू द्यायचा नाही, हेही खरं."

७

मी तिला भिंतीपासून वळवली होती, आणि आता ती भिंतीच्याही पलीकडे चालली होती. मला तेव्हा हे असंच दिसत होतं.

मी दुसरा आवाज बनवला. या वेळी कापून स्वच्छ केलेल्या पुस्तकांवरून. त्यात खाकरणं नव्हतं, श्वास नव्हता, चूक नव्हती, त्यामुळे ठोका असण्याचा प्रश्नच नव्हता. आत्या अंघोळीला गेली तेव्हा मी जुना काढून तो बसवला. तिला विचारलं नाही. माणसाचं भलं कशात आहे ते आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, असं मी कुठे शिकले ते मला सांगता येणार नाही. पण शिकले होते खरी.

ती आली, बसली, दार उघडंच होतं. लिहिलं.

"शर्टाला बटणं नव्हती."

आवाज सपाट आणि सुरेख होता. आत्या थांबली. पाठ ताठ, तळवे टेबलावर. मी मनात दहा आकडे मोजले.

"मी त्यांना कधी ओळखलंच नाही," यंत्र म्हणालं, शेवटपर्यंत, न अडखळता.

ती पुन्हा थांबली. मग वळून तिने दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी तिच्या हातातली पाटी हिसकावून फोडली होती तेव्हाही तिने असं पाहिलं नव्हतं. तिने टॅबलेट बंद केला, माझ्या हातात दिला, पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तीन दिवस ती तशीच होती. खाणं जवळजवळ नाही. बाबा संध्याकाळी तिच्या पाठीशी बसले, पण त्यांनाही आता बोलायला काही सुचत नव्हतं. ते स्वयंपाकघरात माझ्याकडे आले.

"ते परत लाव."

"बाबा, ते काय आहे ते मला माहीत नाही."

"मला तरी कुठे माहीत आहे?" ते म्हणाले. "मी एकदा त्याला दारातून घालवला. आता तू घालवलास. या घराने किती वेळा घालवायचा त्याला?"

"तो तिला घेऊन जाईल."

बाबांनी भांडं धुतलं, पालथं घातलं, हात पुसले. "मग शहाणे, निदान तिला विचार तरी. मला त्या वेळी तेवढंसुद्धा सुचलं नव्हतं."

८

चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनला मी तिच्या खोलीत गेले. बाहेर लख्ख ऊन होतं. टॅबलेट आणि स्पीकर बाहेरच्या खोलीत कपाटात होते, बंद करून ठेवलेले. हे मी दोनदा बघून आले होते.

पंखा चालू होता. टेबलावर तीन दिवसांची न वाचलेली वर्तमानपत्रं पसरली होती आणि वाऱ्याने त्यांची पानं उचलली जात होती. मी पलंगाच्या कडेला टेकले. आत्या जागी होती. तिच्या श्वासावरून ते कळतं.

"आत्या," मी म्हटलं, "मी ते तुझ्यासाठी काढलं."

टक्.

लाकूड तापलं की तडकतं. हे माझ्या मनात लगेच आलं, आणि त्यापाठोपाठ नळाचे पाइप, वरच्या मजल्यावरची माणसं, माझेच कान. आत्याचे दोन्ही हात तिच्या गालाखाली होते, मला दिसत होते. माझे माझ्या मांडीवर होते.

आणि मी, जिने ते काम कधी केलं नव्हतं, वाक्याच्या सुरुवातीला गेले.

"आत्या, मी ते माझ्यासाठी काढलं. तू आमच्यातून उठून जाशील याची मला भीती वाटली."

मी वाट पाहिली. काही झालं नाही.

आत्या वळली. चार दिवसांत पहिल्यांदा. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्यावरून टेबलाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, म्हणून मीही मान वळवली. वरच्या वर्तमानपत्राचा डावा कोपरा पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता. उजवीकडचा, भिंतीकडचा, अर्धा कागद मात्र सपाट होता. वारा तिथेही लागत होता. कागदाची कड थोडी दबलेली होती, वाचताना आपण पान हाताने धरून ठेवतो तेवढीच. एवढंच होतं. मी फार वेळ बघू शकले नाही.

आत्या उठून बसली. तिचा हात माझ्या हातावर आला, कोरडा आणि उबदार. मग तिने हनुवटी जराशी पुढे केली. म्हणजे, पुढे बोल.

"मी ते परत लावते," मी म्हटलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला. ठोका आला नाही, तेव्हा मला धीर आला आणि मी घाईने पुढे बोलले. "मग तू पुन्हा आमच्यात येऊन बसशील. सगळं पहिल्यासारखं होईल."

टक्.

आत्याने माझा हात दाबला. मी लहान असताना ती मला वाचायला शिकवायची आणि मी अडले की दाबायची, तसाच. तिची पाठ ताठ झाली होती.

"मी ते परत लावते," मी पहिल्यापासून सुरुवात केली. "मग तू..."

तिथे मी थांबले. बरोबर वाक्य मला माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि तोंडात येत नव्हतं. आत्या शांतपणे माझ्या ओठांकडे बघत होती. पलीकडे कागद सपाट होता.

"मग तू..."

त्या दोघांनाही घाई नव्हती.